अर्थ सांगितल्याशिवाय गुण नाहीत

चोवीस ऑक्टोबर. कापणी चार दिवसांवर आली होती आणि गोण्या शिवायच्या राहिल्या होत्या. गेल्या वर्षीच्या गोण्यांना उंदरांनी भोकं पाडलेली. त्या ओटीवर ओढून घेतल्या, दाभणात सुतळी ओवली आणि बसले. एरवी हे काम हाताला पाठ आहे. भोक बघायचं, कडा आत दुमडायच्या, पाच टाके, गाठ, पुढची गोणी. त्या दिवशी तिसऱ्याच गोणीचं तोंड शिवून टाकलं. उसवलं, पुन्हा घेतलं, तर दाभण बोटात. उठले, पाणी प्यायले, आभाळ बघितलं, परत बसले.

कापणीच्या दिवसांत मला हे असं होतं. तीन वर्षं होतंय. भात पिवळं पडायला लागलं, सकाळच्या धुक्यात चौक गावच्या रस्त्यावर ट्रकांचे दिवे दिसायला लागले, की माझ्या डोक्यात इंग्रजी शब्द फिरायला लागतात. बँकेत, दवाखान्यात लागतात ते नाहीत. ज्यांचा कुणाला काही उपयोग नाही असे. डोंगराच्या कुशीत वाटीसारखा खोलगा असतो, त्याला कूम म्हणतात. लिहिताना सी, डब्ल्यू, एम, बस, एकही स्वर नाही. खडबडीत लाव्हाला नुसतं आ-आ. काखेला ऑक्स्टर. बुटाच्या नाडीच्या टोकाला पुंगळी असते, तिला अॅग्लेट. पिंप काठोकाठ भरत नाही, वर थोडी जागा राहते, त्या रिकाम्या जागेला अलेज. गोणी भरताना वर शिवण्यापुरती जागा आम्हीही सोडतो. आम्ही तिला काही म्हणत नाही, सोडतो.

मी मराठी शाळेत शिकले, पुढे खोपोलीला बी.कॉम. केलं. इंग्रजीशी माझा संबंध फॉर्म भरण्यापुरता. हे शब्द मला वन्संनी दिले.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, विमल. आमच्या घरातली पहिली शिकलेली. कर्जतच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही, स्टेशनच्या पलीकडे छोटा फ्लॅट घेतला आणि त्यात एकट्या राहिल्या. निवृत्त झाल्यावर लोक देवळं बघतात, नातवंडं बघतात. वन्सं अक्षरांचा खेळ खेळत. चौकटींचा पट, लाकडाचे छोटे चौकोनी ठोकळे, प्रत्येकावर एक इंग्रजी अक्षर आणि कोपऱ्यात त्याचे गुण. सात ठोकळे उचलायचे, त्यांतून शब्द लावायचा. अवघड अक्षराला गुण जास्त. पट्टीचे खेळाडू हजारो विचित्र शब्द पाठ करतात आणि अर्थाच्या वाटेला जात नाहीत, कारण खेळात अर्थ कुणी विचारत नाही. शब्दकोशात आहे ना, झालं.

वन्संच्या घरी तसं नव्हतं. त्यांच्या घरचा नियम होता की लावलेल्या शब्दाचा अर्थ सांगायचा, मग गुण. शब्दकोश कपाटात बंद. समोरच्याला शब्दाबद्दल किंवा अर्थाबद्दल शंका आली तर त्याने हरकत घ्यायची, तेव्हाच कपाट उघडायचं. हरकत खरी ठरली तर लावणाऱ्याचे ठोकळे परत. खोटी ठरली तर हरकत घेणाऱ्याची पुढची खेळी गेली. आणि समोरच्याने गप्प राहून आपला शब्द लावला, की आधीचा शब्द पक्का. मग तो खोटा असला तरी पक्का.

तीन वर्षांपूर्वी, ऐन कापणीत, वन्सं गॅसवर दूध ठेवून झोपल्या. जिन्यात धूर आला. हाका मारून उठल्या नाहीत तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं. वन्संना काही झालं नाही, भांडं तेवढं गेलं. पण ह्यांनी धसका घेतला. "आक्काला घरी आणू." वन्सं म्हणाल्या, "मी येणार नाही." असं दोन दिवस फोनवर चाललं. शेवटी ह्यांनी मला सांगितलं, "तू पंधरा दिवस राहा तिच्याकडे. बघ, एकटी राहू शकते का. तू म्हणशील तसं करू."

म्हणजे वन्संनी स्वतःच्या घरात राहायचं की नाही, हे मी ठरवायचं. तेही भात उभं असताना.

दार नवीन बसवलेलं होतं, रंग लावायचा होता. वन्संनी ते उघडलं, माझ्या हातातली बॅग बघितली आणि म्हणाल्या, "या, परीक्षक बाई."

"असं काय म्हणता, वन्सं?"

"मग काय म्हणू? चहा घेतेस की आधी पेपर काढतेस?"

मी चहा घेतला. गॅस त्यांनी माझ्यासमोर बंद केला आणि बटणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लिही. एक गुण."

त्या घरात मला करायला काम नव्हतं. दोन माणसांचा स्वयंपाक किती वेळ चालणार? केर काढून झाला, डबे पुसून झाले, पंखा पुसला. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून आत आलेलं, पश्चिमेला रोज दुपारी ढग. मी गॅलरीत उभी राहून ढग बघायची. वन्सं आतून म्हणायच्या, "तू बघितल्याने ते जाणार नाहीत. ये इकडे, ठोकळे उचल." चौथ्या दिवशी मी बसले, कारण पुसायला काही उरलं नव्हतं.

पहिल्याच डावात त्यांनी लाठी लावला. एल, ए, टी, एच, आय. मी म्हटलं, "वन्सं, ही काय फसवणूक? लाठी काय इंग्रजी आहे?"

"हरकत घेतेस?"

"घेते की. पोलिसाच्या हातात असते ती लाठी. आपली आहे."

त्यांनी कपाट उघडलं. लाठी होती. माझी खेळी गेली. त्या जाड पुस्तकात धोतर होतं, साडी होती, रयत होती, शेताचा बांध होता, रागी म्हणजे आपली नाचणी होती. तहसीलदारसुद्धा होता. खालापूरच्या तहसील कचेरीत एका नोंदीसाठी मी किती खेटे घातलेत ते मला माहीत. आणि तिकडे कुणी गोरा माणूस या शब्दात किती अक्षरं आहेत एवढंच बघून तो पाठ करतो.

"सातबारा आहे का बघा," मी म्हटलं.

वन्संनी खरंच बघितलं. "नाही."

"मग अजून पुरते घुसलेले नाहीत."

वन्सं हसल्या. मोठ्याने हसायच्या त्या, वर्गात हसायला मिळालं नव्हतं तेवढं सगळं.

मग रोज दुपारी खेळ. मी शब्द आणि अर्थ एका जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर उतरवून घ्यायला लागले. एखादी गोष्ट शिकायचीच तर नीट लिहून शिकावी. क्यू आणि आय, दोन अक्षरं, उच्चार ची, चिनी लोकांच्या मते अंगात वाहणारी प्राणशक्ती. ए आणि आय म्हणजे झाडाला उलटा लटकणारा, तीन बोटांचा आळशी प्राणी. हल्ली ही दोन अक्षरं उच्चारली की लोक भलतंच समजतात, वन्संसाठी तो प्राणीच. कूम लावला तेव्हा त्यांनी मला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि कोंडाणे लेण्यांच्या बाजूला बोट दाखवलं. "लेण्यांच्या वर डोंगर आत गेलाय बघ, वाटीसारखा. मुलांची सहल नेली होती तिथे. एकजण विचारत होता, बाई, ह्याला काय म्हणतात? मला तेव्हा माहीत नव्हतं. आता तो कुठे सापडायचा सांगायला?"

दुसरीकडून फोन. आमच्याकडे कापणीला येते ती यमुना रोज संध्याकाळी करायची. "वैनी, तुमी कदी येनार हाय? खालच्या खाचरातलं भात आडवं झालंय. दादा नुसतं आभाळ बगत बसतात. मी सांगितलं, आभाळ कापायचं नाय, भात कापायचं हाय. तर माज्यावरच वरडले."

"तू माणसं गोळा कर. मी त्यांच्याशी बोलते."

"मानसं हायत गं. सांगनारं नाय कोन."

मी फोन ठेवायची, पटाशी येऊन बसायची आणि हातात सात अक्षरं. आडव्या भाताला पाण्यात तीन दिवसांत कोंब फुटतात. आणि मी इथे झेडला जागा शोधतेय. माझे पाय पटाखाली सारखे हलायचे. वन्सं म्हणायच्या, "सुनंदा, जमीन हलतेय."

तेराव्या दिवशी त्यांनी झार्फ लावला. मी नियमाप्रमाणे विचारलं, "अर्थ?"

"रहाटावरून दोर घसरू नये म्हणून लोखंडी आकडा लावतात तो."

क्षणाचाही विलंब नाही. मी गुण लिहिले. आमच्या विहिरीवर तसा आकडा होता, मी लग्न होऊन आले तेव्हा रहाट अजून चालू होता. त्या गंजक्या आकड्याला कुठल्या तरी भाषेत स्वतःचं नाव आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. वन्सं जेवून पडल्यावर नीट उतरवून घ्यावा म्हणून मी कपाट उघडलं. शब्दकोशात होतं की कान नसलेला गरम पेला हातात धरता यावा म्हणून त्याच्याखाली बसवतात ते धातूचं कोंदण.

मी दोनदा वाचलं. मग डायरी आणली आणि पहिल्यापासून एकेक शब्द ताडून बघितला, चुकला तिथे खूण केली. कूम बरोबर. अलेज बरोबर. स्टूक म्हणजे पावसात गाईच्या पाठीवर टाकायचं तरट, असं वन्संनी सांगितलं होतं. पुस्तकात होतं की कापलेल्या पेंढ्या वाळण्यासाठी एकमेकींना टेकवून उभ्या करतात तो गट. व्हग म्हणजे ओल्या लाकडाचा धूर. पुस्तकात दगडातली पोकळी. आमच्याकडच्या खाणीत सुरुंग लागला की फुटलेल्या दगडाच्या पोटात चकाकणारे खडे निघतात, ती पोकळी. शेतातल्या पोरीने स्टूकसारखा शेतातला शब्द चुकवला होता. एकोणीस शब्दांपैकी आठ अर्थ चुकीचे. आणि आठही इतके बेतलेले, इतके वापरातले, की शब्दकोश खोटा वाटावा. रहाट, गाय, चूल, तरट. सगळे आमच्या घरातून उचललेले, त्या लहान असतानाच्या घरातून. मी यातून काही मोठं काढत नाही. मला जे दिसलं ते एवढंच की त्या अर्थ विसरत होत्या, विसरल्याचं त्यांना कळत होतं, आणि त्या ते झाकत होत्या. फार चांगलं झाकत होत्या.

आतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी शब्दकोश जागेवर ठेवला.

दोन दिवसांनी मी घरी आले. ह्यांनी पायरीवरच विचारलं, "काय म्हणतेस?"

मी म्हटलं, "राहू शकतात. गॅस काढून टाका, आपोआप बंद होणारी विजेची शेगडी द्या, दाराची एक किल्ली शेजारी ठेवा. मी दर शुक्रवारी जात जाईन."

"नक्की?"

"नक्की."

ह्यांनी मान डोलावली. ह्यांना हायसं वाटलं, मला वाटलं नाही. मी पदर खोचला आणि खालच्या खाचरात गेले. निम्म्या लोंब्यांना कोंब आले होते.

त्यानंतर तीन वर्षं दर शुक्रवारी गेले. शेगडी चालली, किल्ली चालली. खेळही चालला. मी अर्थ विचारायची, वन्सं सांगायच्या, मी गुण लिहायची. कधी खरे, कधी बनवलेले. हळूहळू बनवलेले जास्त. मी डायरीत उतरवणं सोडून दिलं. मनाशी म्हणायची की एका बाईला तिच्या घरात राहता येतंय, दोन-चार शब्दांनी कुणाचं काय बिघडतं? दिवसा हे पटायचं. कापणी आली की पटायचं नाही. विळ्यांना धार लावताना, भारे मोजताना मध्येच वाटायचं की मी कुठेतरी काहीतरी चालू ठेवून आलेय.

तर चोवीस ऑक्टोबर. आदल्या संध्याकाळी वन्संच्या शेजारणीचा फोन आला होता. वन्सं भाजी आणायला गेल्या आणि उल्हास नदीच्या पुलापाशी तासभर उभ्या होत्या. ओळखीच्या भाजीवालीने हाताला धरून घरी आणलं. ह्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "आता आणायलाच हवं तिला. तू सांग जाऊन. माझं ती ऐकणार नाही."

सांगायचं काय, याचे मी सकाळपासून टाके घालत होते. पुलाचं कारण काढून सांगता आलं असतं. तब्येतीचं, डॉक्टरचं, ह्यांच्या काळजीचं. प्रत्येक वाक्य तयार होत होतं आणि प्रत्येकाला झाकण होतं. अकरा वाजता दाभण ठेवलं, डायरी पिशवीत टाकली आणि रस्त्यावर येऊन कर्जतची टमटम पकडली.

वन्संनी दार उघडलं. मला ओळखलं. "आज काय शुक्रवार?"

"नाही. मंगळवार."

"मग कापणी सोडून आलीस. म्हणजे पुलाची बातमी पोचली."

पट टेबलावर मांडलेला होता. त्यांनी ठोकळ्यांची पिशवी पुढे केली. मी म्हटलं, "आज खेळ नको. वन्सं, झार्फ म्हणजे रहाटाचा आकडा नाही. गरम पेला धरायचं कोंदण आहे. मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं."

मी डायरी उघडून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पान वरपासून खालपर्यंत वाचलं, जसा त्या पोरांचा पेपर वाचत असतील तसा.

"आठ?"

"तेव्हा आठ."

"तरट चांगलं जमलं होतं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढला. "तेव्हा हरकत का नाही घेतलीस?"

"घेतली असती तर तुम्हाला घरी न्यायचं ठरलं असतं."

"म्हणजे तू मला जिंकू दिलंस."

"राहू दिलं."

"तेच ते." त्या खिडकीकडे बघत होत्या. "मी वाट बघत होते, सुनंदा. प्रत्येक खोट्या अर्थाला वाटायचं, आता ही उठेल आणि कपाट उघडेल. तू उठली नाहीस. म्हणून मला वाटलं, जमतंय. अजून कुणाला दिसत नाही, म्हणजे फार झालेलं नाही. तीन वर्षं वाटलं. काल पुलावर उभी राहिले तेव्हा कळलं केवढं झालंय ते. एकदम कळलं. थोडं थोडं कळलं असतं तर बरं झालं असतं."

मी डायरी मिटून पिशवीत ठेवली.

मग विचारलं, "काय झालं होतं पुलावर?"

"रस्ते सगळे आठवत होते. हा स्टेशनचा, हा दहिवलीचा, हा मार्केटचा. कुठे जायचं तेवढं आठवत नव्हतं." त्यांनी ठोकळ्यांच्या पिशवीची नाडी ओढली, सैल केली, पुन्हा ओढली. "त्याने काय सांगून पाठवलंय?"

"घेऊन ये म्हणालेत. पण मी न्यायला आलेली नाही. विचारायला आलेय. तेव्हा विचारलं नव्हतं."

"आता विचारतेस, जेव्हा उत्तर एकच उरलंय."

"हो. उशीर केला मी."

त्या उठल्या, चहाचं आधण ठेवलं, शेगडी लावली. मी उठू लागले तर हाताने बस म्हणाल्या. चहा आणला. साखर नव्हती त्यात. मी प्यायले. त्यांनी एक घोट घेतला, थांबल्या, आत जाऊन साखर आणली आणि माझ्या कपात घालत म्हणाल्या, "हे असं. गप्प पिऊ नकोस. सांगत जा."

"सांगेन."

"कसंही असो, सांगायचं. चारचौघांतसुद्धा."

"सांगेन म्हटलं ना."

मग त्यांनी विचारलं, "मला कुठली खोली?"

"मागची. उजेड चांगला आहे. पट मावेल."

"आतून कडी आहे?"

मला आठवावं लागलं. त्या दाराला आतून काहीच नव्हतं. आमच्याकडे आतल्या खोल्यांना कुणी कडी लावत नाही, दार लोटतात.

"नाही," मी म्हटलं.

"त्या घरात आम्ही नऊ माणसं होतो. मी मॅट्रिकचा अभ्यास धान्याच्या कणग्यांमागे बसून केला, आणि तिथेही कुणी ना कुणी यायचं. भात काढायला, नाहीतर नुसतं बघायला, ही काय वाचतेय. मला नोकरी लागली, खोली मिळाली, आणि पहिल्या दिवशी मी काय केलं सांगू? कडी लावली. काही करायचं नव्हतं आत. नुसती लावून बसले." त्यांनी कप खाली ठेवला. "लोकांना वाटतं मी एकटं राहायचं म्हणून कर्जतला आले. एकटं राहायचं असं काही नव्हतं. दार आपण लावलेलं असावं, एवढंच होतं. कडी असेल तर येते. नसेल तर मला इथून उचलून न्यावं लागेल, आणि मी आरडाओरडा करीन. तोवर शब्द शिल्लक असतील."

मी परत आले तेव्हा ह्यांनी पायरीवरच विचारलं, "काय म्हणाली?"

"येणार आहेत. मागच्या खोलीला आतून कडी हवी."

"कडी?" हे म्हणाले. "अगं, दार तोडावं लागलं होतं. पुन्हा कडी? वेड लागलंय का?"

"त्यांना नाही लागलं."

"आणि तुला?"

"मला विचारायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल. जेवून घ्या."

हे जेवले. मी दारासमोर उभी राहून चौकट बघितली. सागाची आहे, जुनी, अजून घट्ट. दार आतल्या बाजूला उघडतं. हाताने मोजमाप घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडताना चौकला गेले. पितळी कडी घेतली, हाताला सहज सरकेल अशी, स्क्रू आणि ड्रिलचं बिट घेतलं. सुतार कापणीत मिळत नाही, म्हणून स्वतः बसवली. कोयंडा चौकटीवर लावताना स्क्रू आखूड वापरले, बाहेरून जोराने ढकललं तर उपटून येतील एवढेच. दार चार वेळा आतून लावून बघितलं, मग ह्यांना बाहेरून ढकलायला सांगितलं. तिसऱ्या धक्क्याला कोयंडा निघाला. पुन्हा बसवला. मग वन्संना फोन लावला, कडी बसली म्हणून सांगितलं, आणि स्क्रू आखूड आहेत तेही सांगितलं.